देवासाठी केलेला उतार

परमेश्वर माणसांच्या भांडणांतूनही आपलं कार्य साधून घेतो. हे वाक्य माझं नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी ते गणपतीच्या प्रतिष्ठापनेच्या दिवशी माईकवरून म्हटलं आणि म्हणताना माझ्याकडे पाहिलं, कारण भांडण मी केलं होतं. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमचं घर तळमजल्यावर, पण तळमजलाच सात पायऱ्या वर. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना चाकाच्या खुर्चीत बसावं लागलं, तेव्हा त्या पायऱ्या मी पहिल्यांदा मोजल्या. वडील गणिताचे शिक्षक होते, दर महिन्याला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाणारे. न्हाव्याला घरी बोलवू म्हटलं तर म्हणाले, "घरी हजामत आजारी माणसाची करतात." दोघांनी उचलून नेऊ म्हटलं, तर म्हणाले, "खांद्यावरून एकदाच जायचं असतं." आठ महिने केस वाढत राहिले. सकाळी अथर्वशीर्ष म्हणायचे आणि मग खिडकीशी बसून त्या सलूनची पाटी बघायचे.

पायऱ्यांच्या कडेला उतार बांधू द्या, असे तीन अर्ज मी केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: मंजूर नकाशात उतार नाही. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, नकाशाबाहेर श्वासही न घेणारे.

मग त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात संगणकाच्या नोकरीत स्थिरावला आणि त्याला सोसायटीत देऊळ असावं असं वाटू लागलं. तिथल्यांना इथे काय असावं हे नेहमीच स्पष्ट दिसतं. जागा ठरली पार्किंगमध्ये. मी चौथा अर्ज केला: हे देऊळ मंजूर नकाशात कुठे आहे, ते दाखवावे, अन्यथा महापालिकेला विचारीन.

"अहो, तुम्ही देवाला नाही म्हणताय," अध्यक्ष म्हणाले.

"देवाला नाही. तुम्हाला म्हणतोय."

त्यानंतर जिन्यात लोक माझ्याशी बोलेनासे झाले. बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. वडिलांनीही मला फैलावर घेतलं. त्यांच्या मते देवळाच्या आड मी यायला नको होतं. अखेर देऊळ आमच्याच पायऱ्यांवरच्या सभागृहात हलवलं गेलं. सभागृह नकाशात होतं.

प्रतिष्ठापनेचा मुहूर्त मंगळवारचा, अंगारकीचा. शनिवारी जयपूरहून मूर्ती आली. मुलाला दीड फुटाची सांगितली होती. त्याने साडेतीन फुटांची मागवली, कारण फोटोत ती शोभून दिसत होती. अख्खा संगमरवर, लाकडी खोक्यात. हमालांनी खोकं हलवून पाहिलं आणि पायऱ्यांवरून नेणार नाही म्हणून सांगितलं. आडवी करून न्या, असं कुणीतरी सुचवलं. त्यावर गुरुजींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पुरेशी होती.

अध्यक्षांनी तासाभरात गवंडी आणला. नकाशा कुणी मागितला नाही. माणसासाठी आठ महिन्यांत जे बसत नव्हतं, ते देवासाठी रविवार संध्याकाळपर्यंत बसलं: विटांचा, सिमेंटचा, चांगला रुंद उतार. मी खिडकीत उभा राहून शिव्या देत होतो. वडील मागून म्हणाले, "ओला आहे अजून. त्यावर कुणाला जाऊ देऊ नकोस."

सोमवारी सकाळी खोकं फळ्यांवरून सरकत वर गेलं. टाळ्या झाल्या. गर्दी देवामागोमाग सभागृहात शिरल्यावर वडिलांनी धुवट सदरा मागितला. मी खुर्ची बाहेर काढली आणि पाठीमागून धरून, उलट्या पावलांनी, त्यांना खाली उतरवलं. दारातून अध्यक्षांनी पाहिलं.  माईकवरचं ते वाक्य त्यांना बहुधा तेव्हाच सुचलं असावं.

रस्त्यावर आल्यावर वडिलांनी माझा हात बाजूला केला आणि चाकं स्वतः फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले.

सलून सोमवारी बंद असतं.