स्वच्छ रेकॉर्डिंग

मला जुन्या डिझेल इंजिनांचं वेड आहे आणि त्या वेडापायी मी आईशी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी स्वतःला सावरून घ्यायला लागेन.

आम्ही बिरवाडीत राहतो. कारखान्यातली सकाळची पाळी सुटली की सुट्टीत पोरांना न्यावं तसं आईला मोटारसायकलवर मागे बसवायचं आणि करंजाडीच्या बाजूला एका टेकाडावर जायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. खाली डोंगर कापून काढलेले रूळ. ट्रक पाठीवर घेतलेली मालगाडी तिथे चढाला लागायची. पुढे दोन म्हातारी डिझेल इंजिनं, काळा धूर ओकत, धापा टाकत. गाडी दिसायच्या बऱ्याच आधी तिचा आवाज दरीत घुमायचा. तो मला फोनवर हवा असायचा, नुसता तो.

पण आई गप्प बसेल तर शपथ. हा मार्ग खोदला तेव्हा आम्ही त्याच बाजूला राहायचो आणि आईने तिथे घमेली वाहिली होती. त्यामुळे गाडी निम्मी तिचीच.

"आली रे, आली! मागलं इंजिन दमलंय बघ. ही सगळी माती माझ्या डोक्यावरनं गेली हाय."

दर वेळी हेच. मी खेकसायचो, "आई, सगळ्यात तुझाच आवाज येतो!" ती तोंडावर हात ठेवायची, आणि पुढच्या डब्याला पुन्हा सुरू. फोनमध्ये एवढी रेकॉर्डिंग्ज, पण एकही धड नाही.

मग विजेच्या तारा आल्या. एकेक करून गाड्यांची इंजिनं बदलली. एक दिवस स्टेशनवरच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं, ही मालगाडी उद्या शेवटची डिझेलवर. ते मी घरी येऊन उत्साहात आईला सांगून बसलो.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आलो तर आई धुतलेलं लुगडं नेसून दारात तयार.

"गाडी रद्द झाली," मी म्हणालो. "फोन आला होता. मी जरा महाडला जाऊन येतो."

"बरं," म्हणाली आणि पायातल्या चपला काढून कोपऱ्यात सरळ लावून ठेवल्या. ते बघूनही मी निघालो.

रेकॉर्डिंग काय आलं म्हणून सांगू! दोन्ही इंजिनांचा श्वास वेगवेगळा ऐकू यावा इतकं स्वच्छ. लाज वाटते सांगायला, पण परतताना मी शीळ घालत होतो.

संध्याकाळी आई शेजारी गेलेली बघून ओटीवर बसलो आणि फोनचा आवाज मोठा केला. ती कधी परत आली ते कळलंच नाही.

"आजची हाय काय रे?"

"नाय गो. जुनी हाय."

शेवटचा डबा जाईपर्यंत ती खांबाला धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, रागावून नव्हे, लहान पोराला समजावून सांगावं तसं,

"जुनी असती तर मी असते रे तिच्यात."