गुळाचा खडा आणि तांब्या

दुष्काळात आमचे आमदार तालुक्याच्या वाशीहून जीपनं यायचे अन् वस्तीतल्या प्रत्येक घरी जायचे. आलेल्याला गूळपाणी द्यायची आमची रीत. ते गुळाचा खडा तेवढा उचलायचे अन् तांब्या माघारी सरकवायचे, "पाणी राहू द्या, अक्का. लेकरांना होईल." पाहुणा पाणी न पिता गेला म्हणून आई दिवसभर धुसफुसायची. आम्हा भावंडांना मात्र तो तांब्या मिळायचा.

पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या अन् साहेब निवडणुकीत पडले. तरी आभार मानायला दारी आले. आईनं गूळ दिलाच नाही, भरला तांब्या पुढं केला. "आता सगळं प्या, साहेब. त्याबिगर उठायचं न्हाय."

त्यांनी तांब्या रिता केला, तेव्हा कुठं आईचा राग गेला.