बाबांचं अर्धं वाक्य

मी कार्डिफला मीडिया शिकत होते, तेव्हाची गोष्ट. पिनर या उपनगरात आमच्या घरापाशी एक हॉटेल बंद पडलं होतं. तिथे निर्वासितांना ठेवावं, असा प्रस्ताव कौन्सिलपुढे आला. स्टेशनबाहेर स्थानिक पेपरची एक मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मत विचारत होती. ऑफिसातून परतणारे बाबा थांबले. म्हणाले, लोकांना भीती वाटणं साहजिक आहे, पण या माणसांना दुसरी जागा नाही, त्यांना येऊ द्यावं. फोटोही काढू दिला.

पेपरात फोटोखाली एवढंच आलं, ‘भीती वाटणं साहजिक आहे.’

बाबांनी फोन केला. शब्द तुमचेच आहेत, जागा कमी होती, असं त्यांना नम्रपणे सांगण्यात आलं.

इतकी वर्षं नुसती मान हलवणारे शेजारी मग थांबून बोलायला लागले. हॉटेलविरोधी पत्रकावर बाबांचा फोटो झळकला. खाली लिहिलं होतं, बाहेरून आलेल्या माणसालाही हे पटतंय.

चर्चच्या हॉलमध्ये सभा ठरली. उरलेलं तिथे सांगतो, असं बाबा म्हणाले. वीकेंडला घरी आलेली मीही गेले. ते उभे राहताच टाळ्या पडल्या. त्यांनी ‘पण’ म्हटल्यावर हॉल गप्प झाला. मागून कुणीतरी हसलं.

“तुमचं मत आम्ही वाचलंय. थँक यू,” अध्यक्ष म्हणाले आणि माइक पुढच्या माणसाकडे गेला.

आपण एकटे पडलोय असं वाटलं की माणूस गप्प बसतो, आणि त्यामुळे समोरचा आवाज आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, हे मला वर्गात शिकवलं होतं. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या बाईंनी बाबांना गाठलं.

“स्टेशनबाहेर तुमचं सगळं बोलणं मी ऐकलं होतं. मला ते पटलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “पण मला इथेच राहायचंय.”

“मलाही,” बाबा म्हणाले.

प्रस्ताव बारगळला. पेपरनं त्याला लोकमताचा विजय म्हटलं. हॉटेल पाडून तिथे फ्लॅट झाले. ती माणसं कुठे गेली, ते कुणी छापलं नाही.

पुढे निवडणुकीच्या वेळी सर्व्हेवाल्यांचा घरी फोन आला. “नो ओपिनियन,” म्हणून बाबांनी रिसीव्हर ठेवला.

“बाबा, तुम्हाला खरंच काही वाटत नाही?” मी विचारलं.

“वाटतं,” ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.