शिवकन्याबाईंची पट्टी

रेणापूरच्या शिवकन्या कांबळेंनी बारा वर्षं काळी पाचमध्ये भीमगीतं गायली. पेटीवरची ही पट्टी चांगलीच उंच, आणि ती भुजंगदादांच्या गळ्याची होती. गायन पार्टी त्यांची, पेटी त्यांची, मग पट्टीही त्यांचीच. शिवकन्याबाईंचा गळा ताणून ताणून बसायचा. कार्यक्रमानंतर दोन दिवस त्या खुणांनी बोलायच्या आणि लोक कौतुकानं म्हणायचे, काय जीव तोडून गाते बाई. जीव तुटत होता हे खरंच होतं.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं. दुष्काळात शिवकन्याबाई दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडत. त्यातच पार्टीचा बेंजोवाला नरसिंग नांदेडच्या एका मोठ्या पार्टीनं पळवला. काळी पाचमधली पहिली कॅसेट गाजली होती ती त्याच्या बेंजोवर, आणि दुसरी तोंडावर आलेली.

नवे बेंजोवाले मिळाले लिंबाजी. एसटीचे कंडक्टर, मुखेडहून बदलून लातूरला आलेले. पहिल्याच तालमीत तारा जुळवताना त्यांनी विचारलं, "ताई, तुमची पट्टी कोणती?"

"काळी पाच."

"ती दादाची झाली. तुमची?"

बाईंना असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. लिंबाजी तारा उतरवत गेले, त्या गात गेल्या, आणि पांढरी चारवर गळा टेकला. आवाज भरदार निघाला, जरासा खरखरीत, कुठंही न ओढता. शिवकन्याबाईंना आनंद झाला, पण त्याहून जास्त संताप आला.

भुजंगदादांचं तोंड कारल्यासारखं झालं. "लोक म्हणतील, बाई म्हातारी झाली."

"म्हणू द्या. कॅसेट ह्याच पट्टीत व्हईल, न्हाईतर दुसरी गाणारी बघा."

दुसरी गाणारी मिळणं म्हणजे त्या उन्हाळ्यात भरलेली विहीर मिळणं. दादांनी नाक मुरडत पेटी ओढली. लातुरात वीरण्णांच्या कॅसेटच्या दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं. बाहेर टँकर आला की घागरींचा कल्लोळ थांबेपर्यंत सगळे गप्प बसायचे.

मार्चअखेर कॅसेट बाजारात आली आणि आठवड्यात परत यायला लागली. लोकांना वाटलं, टेपच हळू चालतोय. कुणी सेल बदलले, कुणी हेड पुसलं, एका गुरुजींनी तर अख्खा टेपरेकॉर्डर खोलून घेतला. तरी बाईंचा आवाज जडच.

वीरण्णांनी तोड काढली. "पुढच्या कॉप्या जरा फास्ट काढतो. आवाज आपोआप वर चढतो. कुणाला कळणार बी न्हाई."

"मला कळंल की," शिवकन्याबाई म्हणाल्या. "माझ्या गळ्याला मशीन लावू नका. जयंती होऊ द्या, मंग बोलू."

दादांनी मात्र वीरण्णांना डोळ्यांनी होकार देऊन टाकला होता. बाईंनी तो पाहिला. जयंतीला लोकांनी हा आवाज नाकारला, तर पुन्हा काळी पाच आणि पुन्हा खुणांनी बोलणं, हे त्यांना पक्कं कळत होतं.

चौदा एप्रिलला संध्याकाळी रेणापूरचा चौक गच्च भरला. दादांनी पेटी उघडली आणि मुद्दाम काळी पाच दाबली. शिवकन्याबाईंनी पेटीच्या भात्यावर हात ठेवला. सूर बंद पडला.

"पांढरी चार धरा, दादा. न्हाईतर राहू द्या. लिंबाजी हायेत."

माईक चालू होता. सगळ्या चौकानं ऐकलं. दादांच्या कपाळावर घाम आला, पण बोट खाली सरकलं.

मग त्या गायल्या. हात कानावर नाही, मान वर नाही, शिरा ताणलेल्या नाहीत. पहिल्या कडव्याला टाळी आली नाही. दुसऱ्यालाही नाही. त्या थांबल्या नाहीत. उलट आवाज आणखी मोकळा सोडला आणि लिंबाजींचा बेंजो त्यांच्यामागं चालत राहिला. गाणं संपलं तरी चौक गप्पच.

पुढच्या रांगेतले टेपरेकॉर्डरवाले गुरुजी उठून उभे राहिले. "बाई, म्हंजे कॅसेटीत चूक न्हाई म्हणा?"

"हाय की, गुरुजी," शिवकन्याबाई म्हणाल्या. "पहिल्या कॅसेटीत हाय."