पाकिटावरचं मडकं

अण्णा गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेण्याआधी काउंटरवरून थोडे पुढे वाकायचे आणि त्याचा वास घ्यायचे. अगदी उघडपणे. कुणालाही त्याचा राग कसा येत नसे, हे मला कधी कळलं नाही. मी तसं केलं असतं तर मार खाल्ला असता.

सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीत आमचं औषधाचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं. अण्णा वळसंगचे. वडिलांच्या वेळेपासून काउंटरवर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला लाल पेन. मी फार्मसी शिकून आलो, परवाना माझ्या नावावर झाला, भिंतीवर माझं प्रमाणपत्र लागलं. लोक त्या प्रमाणपत्राखाली उभे राहून मलाच विचारायचे, "अण्णा न्हाईत का?" मी म्हणायचो, मी आहे ना, द्या चिठ्ठी. त्यावर उत्तर यायचं, "असू द्या. थांबतो की."

वास घेऊन झाला की अण्णांचे प्रश्न सुरू होत. झोपेची गोळी असो, फिटची असो, जुलाबाची असो. माणूस बघून ते मराठीत, कन्नडमध्ये नाहीतर तेलुगूत विचारायचे. पण 'दारू घेता का' असं मोघम कधीच नाही. देशी घेता का, बियर घेता का, ताडी घेता का, एकेक नाव घेऊन. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाले, "नाव घिऊनच इचारावं लागतंय, मालक. आपल्याकडं ताडीला कोण दारू म्हणत न्हाय. अंगाला थंड म्हणून पितेत."

मग लाल पेनाने पाकिटावर एक छोटं मडकं काढायचे आणि त्यावर फुली मारायचे. वाचता न येणाऱ्यालाही ते कळायचं. "हे मडकं आन् ही गोळी एका दिवशी पोटात जायची न्हाईत," एवढं सांगून पाकीट हातात द्यायचे. एवढ्या काळजीने ते का विचारतात, त्यामागे काही घडलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला ते जाणून घ्यायचंच नव्हतं.

खरं सांगायचं तर मी जळत होतो. कुणी घरची शेंगांची चटणी आणली की ती अण्णांसाठी. मुलीचं लग्न ठरलं की पहिली पत्रिका अण्णांना, आणि माझं नाव त्याच पत्रिकेवर पेनाने खाली जोडलेलं. एकदा मी चारचौघांत म्हणालो की औषधाचं शास्त्र असतं, नुसते प्रश्न विचारून कुणी औषधवाला होत नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, "व्हय की. शास्त्र तुमाला येतंय. मी आपला इचारतो."

एकदा ते गावच्या जत्रेला दोन दिवस गेले. पहिल्याच दुपारी नरसय्या मामा आले. टॉवेलच्या मागावर काम करायचे. बायको वारल्यापासून त्यांना झोप नव्हती. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली होती. अण्णा नाहीत म्हटल्यावर चिठ्ठी नाइलाजाने माझ्याकडे आली.

मी विचारलं, "दारू घेता का?"

"न्हाय," मामा म्हणाले. ते खोटं बोलले नव्हते.

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मला ठाऊक होता तो. पण तो अण्णांचा होता. तो विचारला असता तर मी त्यांच्याकडून शिकलो, हे मला मान्य करावं लागलं असतं. मी कोरं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

मामांनी नेहमीसारखी संध्याकाळी ताडी घेतली, वर गोळी घेतली, झोप येईना म्हणून आणखी एक घेतली. सकाळी मुलाने हाका मारल्या तर ते उठेनात. श्वास अगदी मंद झाला होता. तीन दिवस ते दवाखान्यात होते. वाचले, हे माझं नशीब. पण आदल्या दिवशी दुकानात गोळी कुणी दिली, हे त्यांना काही केल्या आठवेना.

मुलगा पाकीट घेऊन दुकानात आला तेव्हा अण्णा परतले होते. तो थेट त्यांच्यासमोर उभा राहिला. "अण्णा, तुमी असं कसं केलं?" गोळी दुसऱ्या कुणी दिली असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. अण्णांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मडकं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून खोक्यात काहीतरी शोधत होतो.

"इचारायचं राहिलं, बाळ," अण्णा म्हणाले. "चुकलं."

मी वर पाहिलं नाही. आणखी एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या तळाशी थोडा आनंदही होता. आता लोक माझ्याकडे येतील, असा. काही दिवस आलेही.

अण्णा पुढे वर्षभर दुकानात होते. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि ते गावी गेले. त्या गोष्टीबद्दल अवाक्षरही बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, "नाव घिऊन इचारत जावा, मालक."

या वर्षी ते वारले. मी त्यांचा फोटो दुकानात लावला, माझ्या प्रमाणपत्राशेजारी. गेल्या आठवड्यात नरसय्या मामा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आले. आता खूप थकलेत. पाकीट घेतल्यावर फोटोला हात जोडून म्हणाले, "देवमाणूस. माझ्या येळंला तेवढं एकदाच चुकले."

अण्णांनी माझी चूक अंगावर घेतली, तरी हात त्यांनाच जोडले जात होते. एवढ्या वर्षांनी पुन्हा तेच जळणं छातीत उठलं. या वेळी मात्र मी खोक्यात काही शोधलं नाही.

"मामा, ती गोळी मी दिली होती."

मामांनी जोडलेले हात खाली घेतले. मग विचारलं, "अण्णांना म्हाईत होतं?"

"होतं."

त्यांनी हातातलं पाकीट काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवलं. मला वाटलं, आता हे दुसऱ्या दुकानात जाणार.

"ह्याच्यावर मडकं काढून द्या," ते म्हणाले.

"तुम्ही तर ताडी तेव्हाच सोडलीत, मामा."

"सोडली. तरी काढा."

मी लाल पेन घेतलं. मडकं कसलं, तांब्यासारखं काहीतरी झालं. त्यावर फुली मारून पाकीट दिलं. मामांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं.

"अण्णांचं बरं यायचं," असं म्हणून त्यांनी पाकीट खिशात ठेवलं.