दोन वायरींची अदलाबदल

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी, ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर ड्रॉइंग मांडायच्या, आदल्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरला रंगीत दिव्यांची केबल बसवायला घेणारी मीच. वर्षभराची ड्रॉइंग त्याच डब्यात होती, दुसरीकडे कॉपी नाही. पण पार्सल आलं होतं आणि मला दम निघत नाही.

पॉवर सप्लायपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी जाड केबल, तिच्यावर दिव्यांची पट्टी आणि रंग बदलायला रिमोट. बसवली, बटण दाबलं. पळसदेवच्या आमच्या पुढच्या खोलीत निळा-जांभळा उजेड धावायला लागला, पण उलटा. बोर्डाकडून बाहेर येत होता, मला तो आत जायला हवा होता.

"चाललंय न्हवं? मग हात लावू नगं," दारात ढोबळी मिरचीचे क्रेट भरत बसलेले आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील. "आन् रिमोटवर बघ की. येवढी बटणं कशाला दिल्यात?"

रिमोटवर सगळी चिनी अक्षरं. मी तो बाजूला टाकला. शेतावरची मोटर उलटी फिरायला लागली, पाणी येईना, की तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करायची. हे मी सातवीपासून करत आलेय. दिव्यांच्या पट्टीलाही तीनच वायरी होत्या. सुईनं दोन पिना काढल्या, बदलल्या आणि बटण दाबलं.

जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. दहा वेळा बटण दाबलं, पंखासुद्धा हलेना.

"तुमच्यामुळं झालं हे! सारखं मागनं बोलत बसता. तुमाला काय कळतंय यातलं?"

हे मी आबांना म्हणाले. त्यांनी मिरची तशीच टाकली, कॅबिनेट गोधडीत गुंडाळलं आणि ते मांडीवर घेऊन माझ्या स्कूटीवर मागं बसले. डाळज गेलं, भिगवण गेलं. प्रत्येक गतिरोधकाला ते "हळू" एवढंच म्हणायचे. वर्ष वाया गेलं, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. हेल्मेटच्या आत रडू येत होतं आणि ते पुसताही येत नव्हतं.

बारामतीत दुकानदारानं झाकण उघडलं. "ह्या पिना कुणी बदलल्या?"

मी हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले.

"म्या," आबा म्हणाले. "मोटरीची सवय. तीन वायरी दिसल्या की ऱ्हावत न्हाय."

"ओ आबा, ही काय हिरीवरची मोटर हाय का?" दुकानदार खो खो हसला. मीही हसले.

त्यानं ती केबल काढून टाकली, सप्लाय थेट बोर्डाला जोडला. स्क्रीन उजळली. ड्रॉइंग सगळी जागच्या जागी होती. जळली होती फक्त दिव्यांची पट्टी, आणि त्यामुळंच सप्लाय स्वतःहून बंद झाला होता. मग त्यानं माझ्या रिमोटवरचं एक बटण दाखवलं. "उजेडाची दिशा बदलायला हे." आबा गोधडीची घडी घालत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ज्यूरी पार पडली, पुढं नोकरीही लागली. आबांनी कॉम्प्युटर कसा जाळला, हा आमच्या घरातला हुकमी किस्सा झालाय, आणि आबा तो स्वतःच रंगवून सांगतात. मला दर वेळी लाज वाटते. गेल्या रविवारी मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी तो सांगितला.

सगळे हसले. मी चहाचे कप उचलून आत गेले.