सनई गारगोटीला, सतार कोल्हापुरात

पुण्याहून कोल्हापूरच्या एस.टी.त बसलो तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि हत्यारं जास्त होती. बॅटरीचा एक सेल, दोन वायरी, स्क्रू-ड्रायव्हर, छोटा आरसा आणि कापसाचा बोळा. जुन्या स्पीकरची प्रकृती बघायला एवढं पुरतं. मी बँकेत नोकरी करतो, पण जीव अडकलाय तो परदेशी बनावटीच्या जुन्या स्पीकरमध्ये. बायको याला व्यसन म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण तिचं बरोबर आहे.

बँकेतला एक सहकारी मूळचा कोल्हापूरचा. त्याच्या शेजारी एक विलायती स्पीकर विकायचा आहे, असं त्याने सांगितलं. त्याने केलेलं वर्णन ऐकूनच माझी झोप उडाली. तशी जोडी मी फक्त मासिकातल्या चित्रात पाहिली होती, आणि ती आपल्या घरी असावी असं कित्येक वर्षांपासून मनात होतं. फक्त तो एकच स्पीकर म्हणत होता, ते मला खटकलं. असले स्पीकर नेहमी जोडीनेच येतात.

कराडच्या पुढे शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"वायरमन हाय काय पावणं?"

"नाही हो. जुना स्पीकर बघायला चाललोय."

"असं व्हय! लगीन कुणाचं हाय?"

लग्न कुणाचंच नाही, हा स्पीकर घरात गाणं ऐकायचा असतो, हे मी त्यांना बराच वेळ समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओंजळभर शेंगा माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "घरात ऐकायला रेडू हाय की." त्यानंतर कोल्हापूरपर्यंत मी शेंगाच खाल्ल्या.

शाहूपुरीत उतरलो तर सगळीकडे गुळाचा वास. गुऱ्हाळांचा हंगाम होता. अडत दुकानांसमोर गुळाच्या रव्यांची (गोल मोठ्या ढेपांची) उतरंड लागली होती. स्पीकर विकणाऱ्या बळवंतरावांचं घर त्याच रस्त्यावर, वरच्या मजल्यावर. ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे वडील तात्या गुळाचे मोठे व्यापारी होते आणि गाण्याचे दर्दी. मुंबईहून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी हे सामान घेतलं होतं. तात्या जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती.

"आधी जेवा. पेटी काय पळून जात न्हाय," बळवंतराव म्हणाले. सगळं घर स्पीकरला पेटीच म्हणायचं. इंदूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पांढरा रस्सा (मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध घालून केलेला) वाढला आणि वाटी रिकामी होऊ दिली नाही. "पुण्याचं माणूस हाय, लाजतंय," असं त्या माझ्यादेखत नवऱ्याला सांगत होत्या.

पेटी कोपऱ्यात होती. माझी पद्धत ठरलेली आहे. आधी वाजवत नाही, आधी पाठ बघतो. पाठीमागच्या स्क्रूंवर ओरखडे असले तर कुणीतरी आत हात घातलेला असतो. इथे एकही ओरखडा नव्हता. पितळी पट्टीवरचा नंबर स्वच्छ होता. बाजूला बोट दुमडून वाजवलं, लाकडाने भरीव उत्तर दिलं. वर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा होता आणि त्याच्या रेषा एका कडेपाशी येऊन तुटल्यासारख्या थांबत होत्या. मग पुढचं कापड काढलं. आतला कागदी पडदा बोटं पसरून हलकेच आत दाबला. खरखर नाही. सेलच्या वायरी टेकवल्या. टप्प असा आवाज झाला आणि पडदा पुढे आला. अस्सल माल होता, आणि एखाद्या नवरीसारखा जपलेला होता.

"ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"कशाचं ठणठणीत? खराब हाय ती. ऐका."

बळवंतरावांनी तात्यांची आवडती रेकॉर्ड लावली, सतार आणि सनईची जुगलबंदी. सतार सुरेख वाजू लागली. सनईची पाळी आली आणि नुसता कुठेतरी दूर शेजारच्या गल्लीत लग्न असावं तसा आवाज आला. बळवंतरावांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "बघा. सनई गिळती. तात्या असताना घर भरून वाजायची."

मी अँप्लिफायरच्या मागे आरसा धरला. डाव्या बाजूची वायर पेटीला गेली होती, उजवी जागा मोकळी. "हिची जोडीदार कुठे आहे?"

बळवंतरावांचा चेहरा बदलला. उत्तर वहिनींनी दिलं. तात्या गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. पंच बसले. शेत, दुकान, भांडी, सगळं काट्याने तोलल्यासारखं निम्मं निम्मं झालं. पेट्या दोन होत्या, म्हणून एक थोरल्याला, एक धाकट्याला. धाकटे शामराव गारगोटीला शेती आणि दुधाचा व्यवसाय करत. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र इकडे आलं, त्याच्या बदल्यात शिलाई मशीन तिकडे गेलं. पंचांच्या न्यायात कुणाला खोट काढता येणार नाही. ज्याने गाणं दोन पेट्यांत वाटून भरलं त्याला मात्र कोल्हापुरातले पंच ठाऊक नव्हते.

मी समजावून सांगितलं. ही स्टिरिओ रेकॉर्ड आहे, सतार डाव्या पेटीत आणि सनई उजव्या पेटीत वाजते. सनई दुसऱ्या पेटीत आहे.

"तेच म्हणतोय की मी!" बळवंतराव ताडकन उठले. "सनई त्याच्याकडं गेली. चांगली पेटी त्यानं घेतली, खराब मला दिली. आणि वर पंचांसमोर म्हणतोय, कुठलीबी द्या, मला चालती!"

मी पुन्हा सांगितलं. वहिनींनीही सांगून पाहिलं. इतक्या वर्षांचा राग असा एका दुपारी, तोही परक्या माणसाच्या बोलण्याने, जात नाही. शेवटी मी माझ्या कामाचं बोललो. एकट्या पेटीला कुणी विचारत नाही. किंमत जोडीला असते, आणि जोडी मिळाली तर मीच घेईन.

"मग तुम्हीच जावा त्याच्याकडं. मी न्हाय जाणार. नुसतं आणा आणि दोन्ही घेऊन जावा, नजरेसमोर नको मला ते," असं म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारगोटीची गाडी धरली. रस्त्याला दोन्हीकडे ऊस. अर्ध्या वाटेवर उसाची बैलगाडी कलंडली होती आणि रस्ताभर मोळ्या पसरल्या होत्या. ड्रायव्हरपासून सगळे उतरले आणि न सांगता मोळ्या उचलू लागले. मीही दोन उचलल्या, पात्यांनी हात कापून घेतले. गाडीवाल्याने शेजारच्या गुऱ्हाळावर सगळ्यांना नेलं. तिथे वाटीत गरम काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक) मिळाली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी अतिशय सुखात होतो. जोडी माझी होणार होती. दिवाणखान्यात कुठे ठेवायची तेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

शामराव बाजाराजवळच राहत. थोरल्यापेक्षा आडवे, आवाज दुप्पट. मी पुण्याहून पेटीसाठी आलोय म्हटल्यावर त्यांना हसूच आलं.

"ह्या डबड्यासाठी? आवं न्या की! चहा प्या आणि उचला."

पेटी सोप्यात (पुढच्या उघड्या खोलीत) होती. तिच्यावर टेबलक्लॉथ होता, आणि त्यावर फुलदाणी. मी दोन्ही उचललं आणि कडेपाशी वाकलो. अक्रोडाच्या त्याच रेषा. कोल्हापूरच्या पेटीवर ज्या तुटल्या होत्या त्या इथे पुढे चालू होत्या. एकाच खोडाचा पापुद्रा दोघींत कापून लावलेला. नंबरही लागोपाठचा. सेल टेकवला, पडदा पुढे आला. हीही ठणठणीत.

"हिला डबडं म्हणता?" मी विचारलं.

शामरावांनी नवीन घेतलेल्या यंत्रावर रेकॉर्ड लावली. पेटी तात्यांच्या वेळेसारखीच उजव्या जागी जोडलेली होती. वडिलांची आवडती म्हणून त्यांनी ती मुद्दाम मुंबईहून मागवली होती. तीच जुगलबंदी होती. गारगोटीत सनई खणखणीत वाजली, आणि सतार गायब.

"ऐकलं? सतार गिळती. तात्यांची सतार कशी वाजायची, सांगू तुम्हाला? दाराबाहेर माणसं थांबायची. ती पेटी थोरल्यानं घेतली. मी धाकटा, भोळा, म्हटलं कुठलीबी द्या. तर ही दिली. इतकी वर्सं मी अर्धंच ऐकायलोय आणि त्यो तिकडं सगळं ऐकायलाय."

चहाची कपबशी माझ्या हातात होती. मी गप्प राहिलो असतो तर दोन्ही पेट्या संध्याकाळपर्यंत माझ्या झाल्या असत्या, तेही दोघांनी आनंदाने दिलेल्या. चहा पिऊन होईपर्यंत मी गप्प होतोही. पण समोरचा तो भलामोठा माणूस रेकॉर्डकडे असा बघत होता की मला राहवेना.

"शामराव, तुमच्या भावाकडे सनई वाजत नाही."

"काय?"

"काल ऐकून आलो. तिथे फक्त सतार आहे. त्यांनाही वाटतं, चांगली पेटी तुम्ही घेतलीत."

रेकॉर्ड संपली, सुई आतल्या कडेला खरखरत राहिली, ती उचलायचंही भान शामरावांना नव्हतं. मग अगदी हळू, त्यांना शोभणार नाही अशा आवाजात म्हणाले, "म्हंजे, दादा बी अर्धंच ऐकायलाय?"

"हो."

"इतकी वर्सं?"

"हो."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि आत हाक मारली, "जीप काढा रं!"

परतीच्या वाटेवर पेटी मागच्या सीटवर होती आणि मी तिला धरून बसलो होतो. शाहूपुरीत पोचल्यावर शामरावांनी पेटी एकट्याने छातीशी उचलली आणि जिना चढू लागले. वर दारात बळवंतराव उभे होते. आता काय होतंय म्हणून मी खालीच थबकलो. बळवंतरावांनी भावाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वरची पायरी मोडली हाय. बघून ये."

मी उजवी वायर जोडली, दोन्ही पेट्या तात्यांच्या जुन्या जागी लावल्या. वहिनींनी मधोमध खुर्ची ठेवली. तात्या तिथेच बसत. त्या खुर्चीवर थोरलाही बसेना, धाकटाही बसेना. शेवटी वहिनीच बसल्या. "मी ऐकती. तुम्ही भांडा उभ्यानं," म्हणाल्या.

डावीकडून सतार आली आणि उजवीकडून सनईने तिला उत्तर दिलं. खोली भरली. बळवंतराव भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. शामराव खालीच बसले आणि सरळ रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं जोडी हातची गेल्याचं होतं, हे कबूल करायला हवं.

"आता सांगा किंमत," बळवंतराव नाक शिंकरून म्हणाले.

मी खरी सांगितली. दोघेही चमकले.

"इकायची न्हाय," शामराव म्हणाले.

"मी कुठं इक म्हटलं? पण राहणार कुठं?" यावर मात्र ते भांडले, अर्धा तास, कडाकडा. शेवटी तोड निघाली ती देवाच्या पाळीची. त्यांच्या कुळात देव एक वर्ष थोरल्याकडे आणि एक वर्ष धाकट्याकडे असतो. पेट्याही तशाच फिरणार, पण दोन्ही एकत्र. यंदा कोल्हापूर.

पुण्याला मी मोकळ्या हाताने परतलो. बायकोने विचारलं, स्पीकर कुठे? म्हटलं, पाळीवर गेले. तिने कपाळाला हात लावला.

रविवारी सकाळी मी माझ्या साध्या जोडीवर एक रेकॉर्ड लावली आणि बटण फिरवून उजवी पेटी पूर्ण बंद केली. पहिल्यांदा काहीतरी हरवल्यासारखं झालं. थोड्या वेळाने कान सरावले. दुसरी बाजू लागेपर्यंत काही कमी आहे हेही मी विसरून गेलो, आणि ते लक्षात आलं तेव्हा मी घाबरलो. त्या दोघा भावांचे कान एवढ्या वर्षांत सरावले नव्हते. दोघेही आपापल्या घरी रेकॉर्ड लावत होते आणि दर वेळी नव्याने चिडत होते. चिडत राहिले, म्हणून बरं झालं.